ग्राफिक्स कार्ड फ्लॅश करण्याआधी: बंद पडलेल्या कार्डापेक्षा चालू राहिलेल्या कार्डाची काळजी करा

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या ग्राफिक्स कार्डांत फ्लॅश मारलेली, म्हणजे चिपमधला मूळ बायोस (कार्ड कसं चालायचं ते ठरवणारा प्रोग्रॅम) पुसून दुसरा लिहिलेली कार्डं दोन तऱ्हेची असतात. पहिल्या तऱ्हेचं कार्ड चुकीचा बायोस घातल्याक्षणी गप्प झालेलं असतं. डिस्प्ले नाही, पंखा फिरतो किंवा तोही नाही, आणि मालक हवालदिल. असं कार्ड बहुतेक वेळा मी मूळ बायोस लिहून चालू करून परत देते. दुसऱ्या तऱ्हेचं कार्ड फ्लॅशनंतर झकास चाललेलं असतं. मालकाने बेंचमार्कचे आकडे मित्रांना दाखवलेले असतात, काही महिने गेम खेळलेले असतात, आणि मग एके दिवशी खेळता खेळता मशीन बंद पडतं ते त्या कार्डासह पुन्हा सुरूच होत नाही. कूलर उतरवला की पॉवर सेक्शनमधला एखादा मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा छोटा भाग) फुटलेला दिसतो, शेजारचा बोर्ड काळवंडलेला असतो, आणि कधी कधी त्या फुटलेल्या मॉसफेटमधून १२ व्होल्ट थेट मुख्य चिपमध्ये गेलेले असतात. त्या कार्डात मूळ बायोस परत लिहून काहीही होत नाही.

फ्लॅशिंगबद्दल कोणाशीही बोललं की 'कार्ड ब्रिक होईल का', म्हणजे विटेसारखं निर्जीव पडेल का, हाच पहिला प्रश्न येतो. माझ्या मते ती भीती चुकीच्या ठिकाणी आहे. ब्रिक झालेलं कार्ड सावरण्याची रीत ठरलेली आहे, ती मी पुढे सांगतेच. फ्लॅश यशस्वी झाल्यावर कार्डाला रोज काय सोसावं लागतं, तो भाग कोणी नीट सांगत नाही. म्हणून ही माहिती त्याच बाजूने लिहिली आहे.

बायोसमध्ये नेमकं काय असतं

कार्डावर आठ पायांची एक छोटी फ्लॅश मेमरी चिप असते. तिच्यात काहीशे किलोबाइट ते एक-दोन मेगाबाइटचा मजकूर असतो, तोच व्हीबायोस. मशीन सुरू होताना चित्र कसं दाखवायचं एवढंच त्यात नसतं. कोअर किती मेगाहर्ट्झला किती व्होल्टेज घेणार, एकूण किती वॅट ओढायची मुभा आहे, कोणत्या तापमानाला पंखा किती फिरणार, मेमरी चिप कोणत्या कंपनीची असेल तर तिचे टायमिंग काय, मागच्या पट्टीवर कुठे एचडीएमआय आणि कुठे डिस्प्लेपोर्ट आहे, आणि व्होल्टेज देणाऱ्या कंट्रोलरशी कोणत्या पद्धतीने बोलायचं, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं.

हे आकडे चिप बनवणाऱ्याने एकट्याने ठरवलेले नसतात. बोर्ड बनवणाऱ्याने आपल्या बोर्डावर किती पॉवर फेज (चिपला वीज देणाऱ्या शाखा) आहेत, मॉसफेट किती अँपिअरचे आहेत, हीटसिंक किती मोठा आहे, थर्मल पॅड (उष्णता हीटसिंकपर्यंत नेणारी मऊ पट्टी) मेमरीच्या प्रत्येक चिपवर पोचतं का, हे बघून ते बसवलेले असतात. एकाच नावाचं जीपीयू, म्हणजे मुख्य चिप, दोन कंपन्यांच्या कार्डांवर असलं, तरी खालचा बोर्ड अगदी वेगळा असू शकतो. दुसऱ्या कार्डाचा बायोस घालता तेव्हा त्या दुसऱ्या बोर्डासाठी केलेला हिशेब तुम्ही आपल्या बोर्डावर लादता. माझ्यापुढे येणाऱ्या फ्लॅश केलेल्या कार्डांचे जवळपास सगळे प्रश्न इथूनच निघतात.

फ्लॅशने काय मिळतं आणि काय मिळत नाही

'हे कार्ड फ्लॅश केलं की वरचं मॉडेल होतं' या समजाला इतिहास आहे. २०१० च्या डिसेंबरमध्ये आलेल्या रेडिऑन एचडी ६९५० मध्ये १४०८ शेडर (चित्राचं गणित करणारे छोटे घटक) चालू होते, तर ६९७० मध्ये १५३६. सुरुवातीच्या बऱ्याच कार्डांत उरलेले शेडर फक्त बायोसमधून बंद केले होते. ६९७० चा बायोस घातला की ते जागे व्हायचे. त्या कार्डावर दोन बायोसचं स्विचही होतं, त्यामुळे लोकांनी निर्धास्त होऊन ते केलं. २०१६ मध्ये आरएक्स ४८० च्या सुरुवातीच्या काही ४ जीबी कार्डांवर प्रत्यक्षात ८ जीबी मेमरी बसवलेली होती आणि ८ जीबीचा बायोस घातल्यावर ती पूर्ण वापरता यायची. अशी उदाहरणं खरी आहेत. पण त्यात जास्तीचा माल आधीपासून बोर्डावर हजर होता.

त्या ६९५० कडेच थोडं बारकाईने पाहा, कारण मला जे सांगायचं आहे ते सगळं त्यात आहे. ६९७० ला एक ८ पिनी आणि एक ६ पिनी जोड होता, ६९५० ला दोन्ही ६ पिनी. पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून ७५ वॅट, ६ पिनी जोडातून ७५ आणि ८ पिनीतून १५० वॅट हे मान्य आकडे आहेत. म्हणजे ६९५० च्या बोर्डाला नियमाप्रमाणे २२५ वॅटपर्यंतच जागा होती, आणि ६९७० च्या बायोसमधली मर्यादा २५० वॅट. शिवाय ६९७० वर ६ गिगाबिटची मेमरी होती, ६९५० वर ५ ची, आणि ६९७० चा बायोस तिला ५.५ ने पळवायचा. ज्यांना हे कळलं त्यांनी पूर्ण ६९७० चा बायोस घालण्याऐवजी ६९५० च्याच बायोसमध्ये फक्त शेडर उघडले आणि क्लॉक (चिपचा वेग), व्होल्टेज, मेमरी जशीच्या तशी ठेवली. फायद्याचा मोठा वाटा त्यांना मिळाला आणि बोर्डावर ताण कमी आला. फ्लॅशिंगकडे बघण्याची शहाणी रीत मला तीच वाटते.

पुढच्या पिढ्यांमध्ये ही दारं बंद होत गेली. बंद केलेले युनिट आता चिपमध्येच कायमचे कापलेले असतात. २०१७ च्या व्हेगा ५६ मध्ये ६४ चा बायोस घातला तरी कॉम्प्युट युनिट ५६ च राहायचे. फरक पडायचा तो एचबीएम मेमरीला १.२५ ऐवजी १.३५ व्होल्ट मिळाल्यामुळे. ८०० ची मेमरी ९४५ मेगाहर्ट्झवर जायची आणि कामगिरी चांगली वाढायची, पण मुख्यतः सॅमसंगची मेमरी असेल तर. हायनिक्सची असेल तर बऱ्याच कार्डांवर पडदा चमकायचा किंवा मशीन अडकायचं. २०१९ च्या आरएक्स ५७०० मध्ये ५७०० एक्सटीचा बायोस घातला तरी शेडर २३०४ च राहतात, २५६० होत नाहीत. वाढते ती क्लॉकची आणि वॅटची मर्यादा.

एनव्हीडियाच्या बाजूला २०१६ च्या पास्कल मालिकेपासून आपण स्वतः बदललेला बायोस कार्ड स्वीकारत नाही. त्यावर कंपनीची डिजिटल सही लागते. एएमडीनेही व्हेगापासून तीच दिशा धरली, मधल्या काही मालिकांत फटी राहिल्या तरी. २०२३ मध्ये एनव्हीडियासाठी अशी फ्लॅशिंगची साधनं आली जी 'हा बायोस या बोर्डाचा नाही' ही तपासणी ओलांडतात. पण नव्या कार्डांवर तिथेही फाइल सहीचीच लागते. म्हणजे आजकाल 'फ्लॅश' म्हणजे बहुतेक वेळा त्याच जीपीयूच्या दुसऱ्या, जास्त वॅटवाल्या कार्डाचा बायोस. तुम्ही विकत घेत असता ती फक्त जास्त पॉवर लिमिट.

ती जास्तीची पॉवर जाते कुठे

डिजिटल चिपचा वीजवापर ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि क्लॉकच्या प्रमाणात वाढतो. व्होल्टेज १० टक्के वाढवून क्लॉक ५ टक्के वाढवला, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.०५, म्हणजे सुमारे २७ टक्के जास्त वॅट. गेममध्ये मिळणारी वाढ मात्र त्या ५ टक्क्यांच्याही आतच असते, कारण मेमरीचा वेग तोच राहिलेला असतो.

जीपीयूच्या चिपला हे बहुधा सोसतं, कारण तिच्यावर मोठा हीटसिंक आणि तापमानाचा सेन्सर असतो. बिचाऱ्या व्हीआरएमला मात्र पुरेसा थंडावा मिळत नाही. १२ व्होल्टचे १ व्होल्टच्या आसपास करून चिपला देणारा हा भाग बऱ्याच स्वस्त कार्डांवर पातळ पट्टीने किंवा नुसत्या हवेने थंड होतो, आणि बऱ्याच कार्डांवर त्याचं तापमान तुम्हाला कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये दिसतच नाही. स्क्रीनवर जीपीयू ७० अंश दाखवतो, तुम्ही निश्चिंत होता, आणि दोन इंच बाजूला मॉसफेट भाजत असतात. माझ्याकडे आलेल्या एका कार्डात जास्त वॅटच्या मोठ्या कार्डाचा बायोस घातला होता. मालकाने जपून ठेवलेल्या सगळ्या नोंदींत जीपीयूचं तापमान मूळ बायोसपेक्षा कमी होतं, कारण नव्या बायोसचा पंखा जास्त जोरात फिरत होता. तरीही व्हीआरएमवरचं थर्मल पॅड सुकून तुकडे झालं होतं आणि त्याच्या खालचा एक फेज गेला होता. त्या माणसाने निष्काळजीपणा केला नव्हता. त्याला दिसणारे सगळे आकडे चांगलेच होते.

पॉवर लिमिट म्हणजे फ्यूज समजा. अतिथंड द्रव नायट्रोजनवर विक्रम करणाऱ्यांसाठी काही बायोस असे बनवलेले असतात की त्यात मर्यादा जवळजवळ काढून टाकलेली असते, कधी तापमानाच्या सुरक्षिततेसकट. आरटीएक्स ३०९० साठीचा १००० वॅटचा बायोस त्यातलाच. रोजच्या वापराच्या, हवेवर थंड होणाऱ्या कार्डात तो घालणं म्हणजे फ्यूजच्या जागी जाड तार लावणं. असा बायोस मी कोणाच्याही कार्डात लिहीत नाही, कितीही आग्रह केला तरी.

जोडांचा घोळही समजून घ्या. तीन ८ पिनी जोडांच्या कार्डाचा बायोस दोन जोडांच्या कार्डात घातला की बायोस तिसऱ्या जोडाचं मोजमाप शोधतो, जे बोर्डावर नाहीच. कित्येक कार्डांवर मग दुसऱ्याच जोडाचा आकडा दोनदा मोजला जातो. स्क्रीनवर ४५० वॅट दिसतात, प्रत्यक्षात कार्ड त्याहून बरंच कमी घेतं, आणि 'मोठा' बायोस घालून कार्ड आधीपेक्षा हळू चालतं. उलट दिशेने मोजमाप चुकलं तर खरी वीज दिसणाऱ्या आकड्यापेक्षा जास्त असते, आणि ते जास्त वाईट.

मेमरीच्या चुका आणखी छुप्या. जीडीडीआर५ आणि त्यापुढच्या मेमरीत चुकलेला डेटा ओळखून पुन्हा पाठवण्याची सोय असते. त्यामुळे मेमरी झेपेल त्यापेक्षा जास्त पळवली तर पडद्यावर लगेच ठिपके येतीलच असं नाही. आधी कामगिरी खाली येते. मेमरीचा क्लॉक वाढला आणि बेंचमार्क घटला, तर ती मेमरी तुम्हाला थांबायला सांगते आहे.

फ्लॅश न करता किती मिळतं ते आधी बघा

हा भाग मी मनापासून सांगते, कारण इथेच बहुतेकांचं काम संपतं. एमएसआय आफ्टरबर्नर किंवा एएमडीच्या स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये पॉवर लिमिटचा स्लायडर असतो. तो बोर्ड बनवणाऱ्याने मान्य केलेल्या कमाल मर्यादेपर्यंतच जातो, आणि ती मर्यादा तुमच्या बोर्डाला धरून ठरवलेली असते. मग अंडरव्होल्ट करा. तोच क्लॉक कमी व्होल्टेजवर स्थिर ठेवला की वाचलेल्या वॅटमध्ये कार्ड जास्त वेळ वरच्या क्लॉकवर राहतं. जुन्या कार्डाची पेस्ट आणि थर्मल पॅड बदलले की कित्येकदा फ्लॅशने मिळाली असती तेवढी वाढ तिथेच मिळते, कारण ते कार्ड तापमानामुळे अडत होतं, वॅटमुळे नाही. जुन्या रेडिऑनवर, म्हणजे आरएक्स ५००० आणि ६००० मालिकेत, मोअरपॉवरटूल नावाचं साधन पॉवर टेबल विंडोजच्या रजिस्ट्रीत लिहितं. बायोसला हात लागत नाही, आणि चुकलं तर ती नोंद पुसली की झालं. धोका तिथेही आहे, पण परतीचा रस्ता सोपा आहे.

कार्ड नेमकं कशामुळे अडतं हे जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दिसतं. एनव्हीडियाच्या कार्डांवर 'परफकॅप रीझन' या ओळीत पॉवर लिहिलेलं असेल तर पॉवर लिमिट आड येते आहे. तिथे व्होल्टेज किंवा थर्मल लिहिलेलं असेल तर दुसरा बायोस घालून काहीच साधणार नाही.

फ्लॅश करण्याची काही चांगली कारणंही आहेत, ती वेगळी ठेवा. २०२१ मध्ये आरटीएक्स ३० मालिकेच्या सुरुवातीच्या कार्डांना रिसायझेबल बारसाठी (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणाऱ्या सोयीसाठी) अधिकृत बायोस आला. २०१८ मध्ये मॅक्सवेल आणि पास्कल कार्डांच्या डिस्प्लेपोर्टसाठी एनव्हीडियाने अपडेट दिला. २०२० च्या जानेवारीत आरएक्स ५६०० एक्सटी बाजारात येता येताच वाढीव क्लॉकचा बायोस आला आणि अनेक मॉडेलांची मेमरी १२ वरून १४ गिगाबिटवर गेली. पण तिथेही सगळ्याच उत्पादकांनी सगळ्याच मॉडेलांना १४ दिलं नाही. ज्याने बोर्ड बनवला तोच सगळीकडे सरसकट १४ देत नसेल, तर दुसऱ्याची फाइल घेऊन ते आपण करणं कितपत बरोबर, हे तुम्हीच ठरवा.

तरीही करायचंच असेल तर

लॅपटॉप असेल तर इथेच थांबा. तिथे ग्राफिक्सचा बायोस बऱ्याचदा मदरबोर्डच्या बायोसमध्येच मिसळलेला असतो, आणि कूलर, चार्जर, बॅटरी यांचा हिशेब एकमेकांत अडकलेला असतो.

डेस्कटॉप कार्ड असेल तर सगळ्यात आधी कार्डाच्या पाठीवरच्या स्टिकरचा फोटो काढा. मॉडेलचं पूर्ण नाव आणि रिव्हिजन दोन्ही स्पष्ट दिसायला हवं, कारण एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या कार्डाचा बोर्ड मधेच बदललेला असू शकतो. जीपीयू-झेडमधून मेमरीची कंपनी, शेडरची संख्या, डिव्हाइस आयडी (चिपचा ओळख क्रमांक), बायोसची आवृत्ती टिपून घ्या. मग बायोस सेव्ह करा. त्याच प्रोग्रॅममध्ये बायोस आवृत्तीच्या शेजारी बाण आहे त्यावरून करा, आणि पुन्हा एकदा एनव्हीफ्लॅश (एनव्हीडियासाठी) किंवा एएमडीव्हीबीफ्लॅश (एएमडीसाठी) या फ्लॅश टूलमधून करा. दोन्ही फाइली उघडून पाहा. सगळी शून्यं किंवा सगळे एफ दिसले तर तो बॅकअप नाही. ही फाइल ज्या मशीनवर प्रयोग करणार त्याच्या बाहेर ठेवा, पेन ड्राइव्हवर आणि फोनमध्येही. इंटरनेटवरच्या बायोस संग्रहातून 'माझ्याच मॉडेलचा' बायोस नंतर मिळेल यावर विसंबू नका. बहुतेकदा मिळतो, पण तुमच्या कार्डावरची मेमरी त्यात धरलेली असेलच असं नाही.

नवा बायोस निवडताना माझा क्रम असा असतो: जीपीयू तेच हवं, डिव्हाइस आयडीसकट. आरटीएक्स २०८० टीआयमध्ये ए आणि बिगर-ए अशा दोन चिपा होत्या, त्यांचे डिव्हाइस आयडी वेगळे होते आणि एकीचा बायोस दुसरीत चालत नव्हता. मग मेमरीची कंपनी त्या बायोसच्या यादीत हवी. मग पॉवरचे जोड तितकेच आणि तसेच. मग मागच्या पट्टीवरचे पोर्ट त्याच क्रमाने, नाहीतर एखादं कायमचं आंधळं होतं. पंख्यांची जोडणी शक्यतो सारखी. आणि पॉवर लिमिट तुमच्या मूळ कमाल मर्यादेपेक्षा थोडीच जास्त. १० टक्क्यांच्या पुढे मी जात नाही, आणि तेही व्हीआरएम उघडून पाहिल्यावरच.

परतीची सोय आधी करा. मशीनमध्ये प्रोसेसरचं स्वतःचं ग्राफिक्स आहे का, आणि मदरबोर्डच्या पोर्टवर मॉनिटर लावल्यावर खरंच चित्र येतं का, हे कार्डाला हात लावण्याआधी करून बघा. इंटेलच्या नावात शेवटी एफ असलेल्या प्रोसेसरांत ते नसतं. नसेल तर कुठलंही जुनं, साधं कार्ड हाताशी ठेवा. कार्डावर दोन बायोसचं स्विच असेल तर एका बाजूला कधीच हात लावायचा नाही. कोणती बाजू कोणती, ते कागदावर लिहून कार्डालाच चिकटवा.

आता प्रत्यक्ष फ्लॅश. सगळं ओव्हरक्लॉकिंग काढा, प्रोसेसर आणि रॅमचंही, कारण लिहिताना मशीन अडकलं तर चिप अर्धी राहते. बॅकअप वीज असेल तर तिच्यावर चालवा. आफ्टरबर्नर, हार्डवेअर मॉनिटर, दिव्यांचे प्रोग्रॅम बंद करा. ते कार्डाशी सतत बोलत असतात. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ते तात्पुरतं थांबवा आणि रिकव्हरी की वेगळी लिहून ठेवा, कारण कार्डाचा बायोस बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड डिसेबल करा. मग फ्लॅश टूलला आधी नुसती कार्डांची यादी दाखवायला सांगा. दोन कार्डं असतील तर क्रमांक नीट बघा, एकाचा बायोस दुसऱ्यात जातो तो इथेच.

टूल काही विचारत असेल तर थांबून वाचा. सबसिस्टिम आयडी (बोर्ड बनवणाऱ्याचा ओळख क्रमांक) जुळत नाही असं सांगितलं तर दुसऱ्या कंपनीच्या बायोससाठी ते अपेक्षित आहे. डिव्हाइस आयडी किंवा जीपीयूच जुळत नाही असं सांगितलं तर जबरदस्तीचा पर्याय वापरू नका. लिहून झाल्यावर पडताळणी यशस्वी असा संदेश आल्याशिवाय मशीन बंद करू नका. संदेश चुकीचा आला तरी रीस्टार्ट करू नका. कार्ड अजून जुन्या स्थितीत चालू आहे, तेव्हाच मूळ फाइल परत लिहून टाका. सगळं ठीक असेल तर मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा आणि ड्रायव्हर डीडीयू या ड्रायव्हर काढण्याच्या प्रोग्रॅमने काढून नवा घाला.

फ्लॅशनंतरचे दिवस

पहिल्या संध्याकाळी बेंचमार्कचा आकडा बघून समाधान मानू नका. मागचं प्रत्येक पोर्ट मॉनिटर लावून तपासा. मशीन नुसतं बसलेलं असताना क्लॉक आणि वॅट खाली येतात का ते बघा. सगळे पंखे फिरतात का, तेही डोळ्यांनी पाहा, स्क्रीनवरचा आकडा पुरेसा नाही. दुसऱ्या बायोसमध्ये एखादा पंखा दुसऱ्या कंट्रोलरवर धरलेला असला की तो स्थिर उभा राहतो आणि सॉफ्टवेअर मात्र फेरे दाखवतं.

मग ओसीसीटी या तपासणीच्या प्रोग्रॅमची व्हिडिओ मेमरी चाचणी चालवा आणि एकही चूक मान्य करू नका. त्यानंतर तासभर खरा जड गेम, आणि सोबत हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) आणि मेमरी जंक्शन (मेमरी चिपच्या आतलं) या दोन तापमानांवर नजर. जीडीडीआर६एक्स मेमरी ११० अंशांजवळ स्वतःला आवरते. ती रोज शंभराच्या वर राहत असेल तर पॅड बदलल्याशिवाय हा बायोस ठेवू नका. हॉटस्पॉट आणि जीपीयूच्या तापमानात आधीपेक्षा मोठं अंतर पडलं असेल तर कूलर नीट बसलेला नाही. ज्या कार्डात व्हीआरएमचं तापमान दिसत नाही, तिथे बोर्डाच्या मागच्या बाजूला त्या भागावर थर्मामीटरचं टोक चिकटवून मोजा. मूळ बायोसवर किती यायचं ते आधी मोजलेलं असेल तरच त्या आकड्याला अर्थ आहे.

पॉवर सप्लायच्या केबलकडे दुर्लक्ष होतं. एकाच केबलला दोन ८ पिनी तोंडं असतात, ती दोन्ही कार्डात लावलेली असतात, आणि वाढलेली सगळी वीज त्या एका केबलमधून जाते. प्रत्येक जोडाला वेगळी केबल लावा. तासभराच्या लोडनंतर मशीन बंद करून जोडाला हात लावा. प्लास्टिक पिवळं, मऊ किंवा वासाचं झालं असेल तर त्याच दिवशी मूळ बायोसवर या.

वॉरंटीचं एवढंच: बहुतेक उत्पादक बदललेल्या बायोसचं कार्ड वॉरंटीत घेत नाहीत. त्या जोखमीची तयारी नसेल तर मुदत संपेपर्यंत थांबा.

कार्ड गप्प झालंच तर

घाबरून पुन्हा पुन्हा पॉवर देऊ नका. स्विच असेल तर मशीन बंद करा, चांगल्या बाजूला सरकवा, विंडोज सुरू करा, मग मशीन चालू असतानाच स्विच बिघडलेल्या बाजूला नेऊन मूळ फाइल लिहा. स्विच नसेल तर मॉनिटर मदरबोर्डला किंवा दुसऱ्या कार्डाला लावा. बिघडलेलं कार्ड स्लॉटमध्ये असूनही मशीन सुरू होत असेल, तर फ्लॅश टूलच्या यादीत ते बहुधा दिसतं आणि तिथून परत लिहिता येतं.

मशीनच सुरू होत नसेल तर प्रोग्रॅमर लागतो. सीएच३४१ए हा छोटा यूएसबी प्रोग्रॅमर आणि आठ पायांची क्लिप यावर बरंच काम होतं. पण दोन गोष्टी सांभाळा. त्याच्या काळ्या रंगाच्या सर्रास मिळणाऱ्या बोर्डवर डेटाच्या पायांना ३.३ ऐवजी ५ व्होल्ट येतात, आणि बऱ्याच नव्या कार्डांवरची फ्लॅश चिप १.८ व्होल्टची असते. चिपवरचा क्रमांक भिंगाने वाचा, तिची माहितीपत्रिका बघा, आणि व्होल्टेज निवडता येणारा प्रोग्रॅमर किंवा १.८ व्होल्टचा अडॅप्टर वापरा. कार्ड मशीनमधून पूर्ण काढलेलं असू द्या. चिपवरच्या ठिपक्याशी क्लिपची लाल तार जुळवा. आधी दोनदा वाचा. दोन्ही वाचनं तंतोतंत सारखी आली तरच पुसा, लिहा, आणि पडताळा. सारखी येत नसतील तर क्लिप नीट बसलेली नाही, किंवा बोर्डाचा बाकी भाग वीज खातो आहे आणि चिप काढून लिहावी लागेल. ते सोल्डरिंग सरावाचं काम आहे, सराव नसेल तर जाणकाराकडे द्या. चिपचे दोन पाय जोडून मशीन सुरू करण्याची एक जुनी युक्ती सांगितली जाते. हात हलला तर बोर्ड जातो. प्रोग्रॅमर मिळत असताना ती करण्याचं काही कारण नाही.

वापरलेलं कार्ड घेताना आणि देताना

दुसऱ्याने मारलेला फ्लॅश तुमच्या घरी येतो तो असा. क्रिप्टो चलनाच्या मायनिंगला वापरलेल्या आरएक्स ४७० ते ५८० कार्डांत मेमरीचे टायमिंग बदललेले बायोस सर्रास असतात. ड्रायव्हर बसत नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसतो, किंवा गेममध्ये ठिपके येतात. मेमरीची कंपनी बघून मूळ बायोस परत लिहिला की यातली बरीच कार्डं ताळ्यावर येतात. काही आरएक्स ५७० कार्डांत ५८० चा बायोस घालून ती ५८० म्हणून विकली जातात. शेडर २०४८ असतील तर नाव काहीही दिसो, ते पूर्ण ५८० नाही, त्याचे २३०४ असतात. जुन्या जीटीएस ४५० आणि जीटीएक्स ५५० टीआयसारख्या कार्डांना जीटीएक्स १०५० टीआयचं नाव देऊन विकण्याचा प्रकार इतका वाढला होता की २०१८ मध्ये जीपीयू-झेडच्या २.१२ आवृत्तीत बनावट एनव्हीडिया कार्ड ओळखण्याची सोय घालावी लागली. म्हणून पैसे देण्याआधी जीपीयू-झेड चालवा आणि शेडर, मेमरीचा प्रकार, बसची रुंदी हे तिन्ही त्या मॉडेलच्या अधिकृत आकड्यांशी ताडून बघा.

आणि तुमचं फ्लॅश केलेलं कार्ड विकायला काढाल तेव्हा मूळ बायोस परत लिहून, तासभर चालवून, मगच द्या. किती काळ कोणत्या बायोसवर चाललं ते घेणाऱ्याला सांगा, आणि मूळ फाइल त्याच्या पेन ड्राइव्हवर घालून द्या. स्टिकरचा फोटोही सोबत द्या.